मैदान कुणाचं होतं? वर्णभेदाच्या काळातले कृष्णवर्णीय बेसबॉल संघमालक

(विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला, हे इथं बसलेल्या कुणाला सांगायची गरज नाही. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले आणि 'केसरी'नं पैसे देऊ केले तरी जाहिरात छापली नाही, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्यानंतर तेराव्या दिवशी, १३ फेब्रुवारी १९२० ला, अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहरात, कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या एका वायएमसीएच्या इमारतीत काही माणसं जमली. ती बेसबॉल संघांची मालक होती. त्यांनी 'निग्रो नॅशनल लीग' नावाची संघटना स्थापन केली. (हा शब्द त्या लोकांनी त्या काळात स्वतःच्या संस्थेसाठी वापरला होता. मी तो संस्थेच्या नावापुरताच वापरणार आहे.)

या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. उगाच संबंध जोडायची आपल्याकडं सवय आहे, मी तसं करणार नाही. पण दोन्ही ठिकाणी अडचण सारखी होती. ज्या समाजाला दारातूनच परत पाठवलं जातं, त्यानं स्वतःचं काही उभं करायचं तर त्याची मालकी कुणाची असणार, आणि पैसा कुठून येणार?

अमेरिकेतला खेळ आणि वंशभेद म्हटलं की आपण जॅकी रॉबिन्सनचं नाव घेतो. १५ एप्रिल १९४७ ला तो ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि गोऱ्यांच्या मेजर लीगची भिंत पडली. दरवर्षी त्या तारखेला सगळ्या संघांचे सगळे खेळाडू त्याचा ४२ नंबर घालून खेळतात. आपल्या जयंतीच्या दुसऱ्याच दिवशी हे येतं, म्हणून समाजमाध्यमांवर त्याची पोस्टरंही फिरतात. रॉबिन्सनचं धैर्य मोठं होतंच. पण भिंतीच्या अलीकडं तोपर्यंत काय उभं होतं आणि भिंत पडल्यावर त्याचं काय झालं, हे त्या पोस्टरवर नसतं. आज मला खेळाडूंपेक्षा संघमालकांबद्दल बोलायचंय. 'मालक' हा शब्द आपल्या चळवळीत फारसा आवडता नाही, हे मला माहीत आहे. तरी थोडा वेळ ऐकून घ्या.

आधी बंदी कशी होती ते पाहू. मेजर लीगच्या नियमावलीत कृष्णवर्णीयांना घेऊ नये असं कलम नव्हतं. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या संघातून वरच्या पातळीवर खेळलाही होता. १८८७ मध्ये त्याच्या खालच्या इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी ठरवलं की यापुढं कृष्णवर्णीयांशी नवे करार करायचे नाहीत. वरच्या लीगमध्ये तर ठराव करायचीही गरज पडली नाही. याला तिकडं 'सभ्य गृहस्थांमधला समझोता' म्हणतात. आपल्याकडं घर भाड्यानं देताना जात विचारत नाहीत, 'तुम्ही व्हेज का?' एवढंच विचारतात, तोच प्रकार. कागदावर काही नसलं की कोर्टात काही दाखवताही येत नाही.

कॅन्सस सिटीच्या बैठकीमागं रुब फॉस्टर होता. जन्म १८७९, टेक्सास. स्वतः मोठा पिचर. १९११ मध्ये त्यानं जॉन शॉर्लिंग या गोऱ्या माणसाच्या भागीदारीत शिकागो अमेरिकन जायंट्स हा संघ उभा केला. त्या काळात दक्षिणेकडून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेच्या शहरांत येत होते: कत्तलखान्यांत, पोलाद कारखान्यांत, रेल्वेत. हातात पहिल्यांदाच आठवड्याचा पगार होता आणि रविवारी जायला जागा हवी होती. जुलै १९१९ मध्ये शिकागोच्या तलावकाठी एक कृष्णवर्णीय मुलगा पोहता पोहता गोऱ्यांच्या किनाऱ्याकडं वाहत गेला, त्याच्यावर दगडफेक झाली, तो बुडाला, आणि शहरात दंगल पेटली. ३८ माणसं मेली, त्यांतली २३ कृष्णवर्णीय होती. पाण्यावरून झालेल्या या प्रकाराबद्दल आपल्याला वेगळं काही समजावून सांगायला नको. लीगची बैठक त्यानंतर सहा-सात महिन्यांत झाली.

फॉस्टरचा मुद्दा सरळ होता. तोपर्यंत कृष्णवर्णीय संघ फिरतीवर असायचे. सामने ठरवून देणारे दलाल बहुतेक गोरे होते. न्यूयॉर्क भागात नॅट स्ट्राँग नावाच्या दलालाला डावललं तर संघाला रविवारचं मैदानच मिळत नसे. खेळणारे आपले, बघणारे आपले, आणि गल्ल्यातला पहिला वाटा दुसऱ्याचा. लीग केली, वेळापत्रक केलं, तर सामना ठरवण्याचा अधिकार आपल्याकडं येईल, असं त्याचं गणित होतं. सुरुवातीला आठ संघ होते. त्यांतला कॅन्सस सिटी मोनार्क्स हा एकच संघ गोऱ्या मालकाचा, जे. एल. विल्किन्सनचा होता. फॉस्टरला तो मनातून नको होता, पण विल्किन्सनचा कारभार चोख होता, म्हणून त्याला घेतलं. प्रत्येक सामन्याच्या गल्ल्यातले पाच टक्के लीगच्या नावानं फॉस्टरकडं जायचे. त्यावरून कुरबुरी झाल्या. लीगचा अध्यक्ष तोच, सर्वांत बलाढ्य संघाचा मालक तोच, आणि सामनेही ठरवणार तोच! पण हेही खरं की एखादा संघ परगावी अडकला, परतीच्या तिकिटाला पैसे नाहीत, तर फॉस्टरच ते पाठवायचा.

१९२६ मध्ये फॉस्टरचं मानसिक संतुलन ढळलं. त्याला मनोरुग्णालयात ठेवावं लागलं आणि १९३० च्या डिसेंबरात तो तिथंच गेला. पुढच्या वर्षी लीगही संपली. शॉर्लिंगशी असलेली त्याची भागीदारी विश्वासावर चालली होती, लेखी नव्हती. त्यामुळं संघ शॉर्लिंगकडं राहिला, त्यानं तो दुसऱ्या गोऱ्या माणसाला विकला आणि फॉस्टरची बायको सारा हिच्या हाती काही आलं नाही. शिकागोत फॉस्टरच्या अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले होते. सगळ्या लीगला कागदोपत्री बांधू पाहणाऱ्या माणसाचा स्वतःचा कागद नव्हता. ही गोष्ट वाचली तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

आता पैशाचा प्रश्न. १९२९ च्या मंदीनंतर कृष्णवर्णीय वस्त्यांत रोकड कुणाकडं होती? डॉक्टर, दफनविधीचा धंदा करणारे, काही विमा कंपन्या, आणि 'नंबर्स'वाले. नंबर्स म्हणजे आपला मटका. तीन आकडे लावायचे, अगदी एका पेनीपासून. आकडा बँकांच्या क्लिअरिंगच्या किंवा घोड्यांच्या शर्यतीच्या छापील आकड्यांवरून निघायचा, म्हणजे त्यात हातचलाखी नाही असा लोकांचा भरवसा. मुंबईतला आकडाही सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या-मिटत्या भावावरच चालायचा, तेव्हा नातं जुनंच आहे. लागण्याची शक्यता हजारात एक आणि देणं पाच-सहाशे पट, मधला फरक धंदा चालवणाऱ्याचा.

बेकायदेशीर होता, आणि गरिबाच्याच खिशातून जाणारा होता. तो मी गोंडस करून सांगणार नाही. पण गोऱ्यांची बँक कृष्णवर्णीयाला दुकानासाठी कर्ज देत नव्हती, आणि नंबर्सवाला देत होता. वस्तीत फिरणारा, पुन्हा वस्तीतच गुंतवला जाणारा पैसा असा तो एवढाच होता. १९३० च्या दशकातल्या निम्म्याअधिक महत्त्वाच्या संघांमागं हाच पैसा सापडतो. न्यूयॉर्क क्यूबन्सचा मालक अलेक्स पोम्पेझ हार्लेममध्ये नंबर्स चालवायचा. डच शुल्झ या गोऱ्या गुंडानं पिस्तुलाच्या धाकावर हार्लेमचा सगळा धंदा आपल्या हाताखाली घेतला, त्यात पोम्पेझही सापडला. पुढं सरकारी खटला आला, तो मेक्सिकोला पळाला, परत येऊन साक्षीदार झाला आणि पुन्हा संघ चालवू लागला. गंमत अशी की गोऱ्या गुंडांना या धंद्यात यावंसं वाटलं ते त्यात किती पैसा आहे हे कळल्यावरच.

पिट्सबर्गचा गस ग्रीनली मला या सगळ्यांत जास्त विचार करायला लावतो. उत्तर कॅरोलिनातून आलेला, पहिल्या महायुद्धात लढलेला, टॅक्सी चालवलेला, दारूबंदीच्या काळात चोरटी दारू विकलेला, मग नंबर्सचा राजा. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत 'क्रॉफर्ड ग्रिल' नावाचं त्याचं हॉटेल होतं, जिथं जॅझचे मोठमोठे वादक यायचे. वस्तीतल्या पोरांचा पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स हा संघ त्यानं घेतला, पगार सुरू केले, आणि सॅचेल पेज, जोश गिब्सन, ऑस्कर चार्ल्सटन, कूल पापा बेल असे खेळाडू जमवले. बेसबॉलचं ज्ञान नसलेल्यांसाठी एवढंच सांगतो की यांतला एकेक माणूस म्हणजे त्या खेळाचा गावस्कर किंवा कपिल देव.

पण ग्रीनलीनं खरी मोठी गोष्ट केली ती मैदान बांधायची. गोऱ्यांच्या संघाचं मैदान भाड्यानं घेतलं की कृष्णवर्णीय खेळाडूंना तिथली कपडे बदलायची खोली वापरू देत नसत. वायएमसीएत कपडे बदलून यायचं, खेळायचं, घामानं भिजलेलं परत जायचं. ग्रीनलीनं १९३२ मध्ये सुमारे एक लाख डॉलर खर्चून 'ग्रीनली फील्ड' बांधलं. विटांच्या भिंती, कपडे बदलायला खोल्या, अंघोळीला पाणी. त्याचे त्यात गोरे भागीदारही होते, आणि फाटकावर व विक्रीच्या कामांवर आपल्या माणसांना डावललं जातं अशी तक्रार वस्तीत होती. म्हणजे मालकी 'आपली' झाली की सगळंच आपलं होतं असं नाही. १९३३ मध्ये त्यानंच नवी निग्रो नॅशनल लीग सुरू केली आणि त्याच वर्षी शिकागोत ईस्ट-वेस्ट हा तारांकित खेळाडूंचा वार्षिक सामना सुरू झाला. या सामन्याला पुढं पुढं ५० हजारांवर प्रेक्षक यायचे, दक्षिणेतून रेल्वेनं माणसं यायची. खेळाडू कोण हे वाचक वर्तमानपत्रांतून मतं पाठवून ठरवायचे. दक्षिणेत ज्यांना मतपेटीजवळ फिरकू दिलं जात नव्हतं, त्यांचीही मतं त्यात होती.

मैदान टिकलं नाही. १९३७ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकाचा हुकूमशहा त्रुहियो याच्या माणसांनी पैसे दाखवून पेज, गिब्सन, बेल यांना तिकडं नेलं. ग्रीनलीच्या धंद्यालाही पोलिसांचे छापे आणि तोटे लागले. १९३८ मध्ये मैदान पाडलं गेलं आणि तिथं सरकारी घरांची वसाहत उभी राहिली.

मैदानावर मी एवढा का थांबलो? कारण सगळं अर्थकारण तिथं होतं. स्वतःचं मैदान असलेले कृष्णवर्णीय मालक बोटांवर मोजण्याइतके होते. नॅशव्हिलमध्ये टॉम विल्सन, मेंफिसमध्ये मार्टिन बंधू. हे मार्टिन म्हणजे डॉक्टर, दंतवैद्य, औषधविक्रेते असे भाऊ. मेंफिस रेड सॉक्स त्यांचा आणि मार्टिन स्टेडियमही त्यांचंच. त्यांतला जे. बी. मार्टिन रिपब्लिकन पक्षाचं काम करायचा. १९४० च्या निवडणुकीत त्यानं शहराचा सर्वेसर्वा क्रंप याच्या इच्छेविरुद्ध प्रचार केला, तेव्हा क्रंपनं त्याच्या औषधांच्या दुकानापुढं पोलीस उभे केले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची झडती. शेवटी मार्टिनला शहर सोडून शिकागो गाठावं लागलं. स्टेडियमचा मालक असलेल्या माणसाला स्वतःच्या गावात राहता आलं नाही.

बाकी सगळे भाडेकरू. होमस्टेड ग्रेजचा कम पोझी, स्वतः उत्तम बास्केटबॉल खेळाडू आणि श्रीमंत बापाचा मुलगा, त्याचा संघ वॉशिंग्टनमध्ये ग्रिफिथ स्टेडियममध्ये खेळायचा. गर्दी व्हायची आणि भाडं ग्रिफिथला जायचं, ज्याच्या स्वतःच्या संघात एकही कृष्णवर्णीय नव्हता. १९४६ मध्ये मेजर लीगच्या मालकांच्या समितीनं एक गुप्त अहवाल तयार केला. त्यात सरळ नोंद आहे की एकट्या यांकीज संस्थेला न्यूयॉर्क, नेवार्क, कॅन्सस सिटी आणि नॉरफोक इथली मैदानं कृष्णवर्णीय संघांना देऊन, भाडं आणि खाण्यापिण्याची विक्री धरून, वर्षाला जवळजवळ एक लाख डॉलर निव्वळ मिळतात. कृष्णवर्णीय खेळाडू घेतले तर हे उत्पन्न बुडेल, अशी काळजी त्या अहवालात आहे. ज्यांना 'आमच्यात नको' म्हटलं त्यांच्याकडून भाडं घेण्यात मात्र विटाळ नव्हता.

आता एफा मॅनली. आजच्या बोलण्याचं मुख्य पात्र तीच.

एफाची आई गोरी होती, घर कृष्णवर्णीय. सावत्र वडील आणि भावंडं कृष्णवर्णीय. उतारवयात तिनं मुलाखतीत सांगितलं की आपले जन्मदाते वडीलही गोरे होते. म्हणजे तिला गोरी म्हणून जगता आलं असतं, आणि त्या काळात अनेकांनी तसं केलंही. ती आयुष्यभर कृष्णवर्णीय वस्तीत, कृष्णवर्णीय म्हणून जगली. १९३४ मध्ये हार्लेममध्ये ब्लमस्टीन हे मोठं दुकान होतं. गिऱ्हाईक बहुतेक कृष्णवर्णीय, पण काउंटरवर कृष्णवर्णीय मुलगी एक नाही. जिथं नोकरी नाही तिथं खरेदी नाही, या मोहिमेत एफा पुढं होती. काही आठवड्यांच्या निदर्शनांनंतर दुकानदार नमला. तिचा नवरा एब मॅनली नंबर्समधला. दोघांनी १९३५ मध्ये ब्रुकलिनमध्ये संघ काढला आणि पुढच्या वर्षी न्यू जर्सीतल्या नेवार्कला नेला. नेवार्क ईगल्स. एबला खेळाडूंची पारख, आणि बाकी सगळं एफाकडं: करार, पगार, प्रवास, जाहिरात, हिशेब.

लीगच्या बैठकीत ती एकटी बाई. मालक मंडळी कुरकुरायची. तिच्या आधी इंडियानापोलिसच्या ऑलिव्हिया टेलरनं १९२२ मध्ये नवरा वारल्यावर संघ चालवला होता, तिलाही हेच सोसावं लागलं होतं. वंचितांच्या संस्थेत बाईला जागा किती, हा प्रश्न आपल्या मंडळांतही आहे. त्यावर वेगळं सत्र घ्या, मी पुन्हा येईन.

एफा नेवार्कमध्ये एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेची खजिनदार होती. १९३९ मध्ये तिनं मैदानावर झुंडबळीविरोधी दिवस पाळला, प्रेक्षकांना जागा दाखवणाऱ्या मुली 'लिंचिंग थांबवा' असे पट्टे घालून फिरत होत्या. आणि हे मैदान होतं यांकीजच्या मालकीचं. भाड्याच्या मैदानाचा असाही वापर करता येतो.

१९४६ मध्ये ईगल्सनं मोनार्क्सला चारास तीन सामन्यांनी हरवून निग्रो वर्ल्ड सिरीज जिंकली. लॅरी डोबी, मॉंटी अर्विन संघात होते. खेळाडूंसाठी वातानुकूलित बस घेतली होती. त्या मोसमात संघाच्या घरच्या मैदानावर सुमारे १ लाख २० हजार प्रेक्षक आले. १९४७ मध्ये ५७ हजारांच्या आसपास. १९४८ मध्ये ३५ हजार. त्या मोसमानंतर मॅनली दांपत्यानं संघ विकला आणि निग्रो नॅशनल लीगही बंद झाली. दोन मोसमांत!

मधे काय झालं ते नीट पाहिलं पाहिजे. १९४५ मध्ये डॉजर्सच्या ब्रांच रिकीनं जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध केलं. रॉबिन्सन तेव्हा कॅन्सस सिटी मोनार्क्सचा खेळाडू होता. मोनार्क्सला रिकीनं एक डॉलरही दिला नाही. त्याचं म्हणणं असं की या लीग म्हणजे खऱ्या लीग नव्हेतच, जुगाऱ्यांचं रॅकेट आहे, यांचे करार म्हणजे करार नव्हेत. हाच रिकी त्याच वर्षी गस ग्रीनलीच्या एका नव्या लीगला पाठिंबा देत होता आणि त्या निमित्तानं खेळाडू हेरत होता. जुगारी पैसा त्याला तेव्हा चालला. पुढं त्यानं बाल्टिमोरकडून रॉय कॅम्पानेला घेतला आणि ईगल्सकडून डॉन न्यूकम घेतला. दोघेही फुकट.

मालकांनी तक्रार का केली नाही? केली, पण दबक्या आवाजात. मोठ्यानं बोललं तर समाजाच्या प्रगतीच्या आड येणारे ठरणार. ज्या क्षणाची तीन पिढ्या वाट पाहिली त्या क्षणी 'आमची नुकसानभरपाई' म्हणणं कसं दिसणार? कृष्णवर्णीय वर्तमानपत्रांतले पत्रकार, विशेषतः पिट्सबर्ग कुरियरचा वेंडेल स्मिथ, वर्षानुवर्षं एकत्रीकरणासाठी लढत होते, आणि मालकांना फक्त आपल्या खिशाची पडली आहे असं लिहीत होते. त्यांचं चूक होतं असं मला म्हणता येत नाही.

एफानं मात्र तोंड उघडलं. जुलै १९४७ मध्ये क्लीव्हलँडच्या बिल वेकनं लॅरी डोबीसाठी विचारलं आणि दहा हजार डॉलर देऊ केले. तिनं त्याला ऐकवलं की हा मुलगा गोरा असता तर तुम्ही एक लाख मोजले असते. शेवटी पंधरा हजारांवर सौदा झाला. कमीच होते, पण ते महत्त्वाचे, कारण मेजर लीगच्या संघानं कृष्णवर्णीय संघाचा करार हा करार आहे असं पैसे देऊन मान्य केलं. पुढं रिकीनं मॉंटी अर्विनलाही तसाच उचलला तेव्हा तिनं वकील केला. रिकीनं अर्विनला सोडून दिलं, मग न्यूयॉर्क जायंट्सनं पाच हजार दिले. त्यातला अर्धा भाग वकिलाच्या फीला गेला. आपल्या वाट्याला जे आलं त्यातून तिनं फरची एक शाल घेतली. मला ही शाल फार आवडते. बाकी सगळं त्यागाच्या कथांनी भरलेलं असताना कुणीतरी स्वतःसाठी काहीतरी घेतलं.

आता तुम्ही म्हणाल की हे वेगळं राहण्याचं समर्थन झालं. अजिबात नाही. प्रेक्षक गेले, कारण त्यांना रॉबिन्सन बघायचा होता; चाळीस-पन्नास वर्षं जे नाकारलं ते डोळ्यांनी बघायचं होतं. त्यांना दोष कोण देणार? एफानं दिला, आणि त्याबद्दल तिला खूप बोलणी खावी लागली. खेळाडूंनाही मालकांकडून न्यायच मिळत होता असं नाही. पगारासाठी भांडणं रोजची, चांगल्या पैशासाठी खेळाडू मेक्सिकोला निघून जायचे, ईगल्सचा रे डॅंड्रिजही गेला. मालकाचं हित आणि समाजाचं हित एक नव्हतं. ई. फ्रँकलिन फ्रेझर या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात लिहिलं की कृष्णवर्णीय उद्योग ही मोठ्या प्रमाणात एक मिथक आहे, मूठभर मध्यमवर्गानं स्वतःला फुगवून सांगितलेली. समाजशास्त्राच्या वर्गात मी फ्रेझर वाचला तेव्हा पटला होता. बेसबॉलची ही आकडेमोड पाहिल्यावर मला त्याला एक प्रश्न विचारावासा वाटतो: लहान होता म्हणून मिथक होता, की लहान ठेवला गेला म्हणून?

कारण भिंत पडली तेव्हा आत कोण गेलं ते बघा. तरुण, उत्तम खेळाडू गेले, तेही हळूहळू. बोस्टन रेड सॉक्सनं पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घेतला १९५९ मध्ये. व्यवस्थापक गेले नाहीत. पंच, प्रशिक्षक, सचिव, हिशेबनीस, बसचालक, तिकीटवाले यांतलं कुणी गेलं नाही. मेजर लीगमध्ये पहिला कृष्णवर्णीय पंच आला १९६६ मध्ये, पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक १९७५ मध्ये. आणि मालक? भागीदार म्हणून काही नावं आहेत. पण आजवर मेजर लीगच्या एकाही संघाचा मुख्य मालक कृष्णवर्णीय झालेला नाही. १९४६ मध्ये या देशात असे अनेक मालक होते. एकत्रीकरणाच्या नावाखाली खेळाडूंची भरती झाली, संस्थांचं विलीनीकरण झालं नाही. अख्खा संघ, त्याच्या मालकासह, मेजर लीगमध्ये घ्यावा, हा पर्याय गोऱ्या मालकांनी गंभीरपणे विचारातच घेतला नाही.

आपल्याकडचं एकच उदाहरण घेतो. पळवणकर बाळू. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकायचा. हिंदूंच्या संघात घेतला तो इंग्रजांना हरवायचं होतं म्हणून. चहा मात्र बाहेर, मातीच्या कपात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. त्याच्याबद्दल आपण बोलतो तेव्हा कर्णधारपदावर थांबतो. जिमखान्याची जमीन कुणाला मिळाली, देणगी कुणी दिली, समितीत कोण होतं, हे विचारत नाही. अमेरिकेत निदान काही काळ तरी कृष्णवर्णीयांचा स्वतःचा जिमखाना होता, म्हणून तिथं हा प्रश्न उघड दिसतो. आपल्याकडं तो दिसतच नाही.

२००६ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये एफा मॅनलीचा समावेश झाला. तिथं गेलेली ती पहिली स्त्री, पण ते बघायला ती नव्हती, १९८१ मध्येच वारली होती. पोझी, पोम्पेझ, विल्किन्सन हेही त्याच वर्षी गेले. ग्रीनलीचं नाव त्या यादीत नव्हतं. २०२० च्या डिसेंबरात मेजर लीगनं १९२० ते १९४८ मधल्या या लीगना 'मेजर' दर्जा दिला, आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिसळले. त्यामुळं सर्वाधिक कारकीर्द सरासरीच्या यादीत टाय कॉबच्या वर आता जोश गिब्सन आहे. गिब्सन १९४७ च्या जानेवारीत, रॉबिन्सनच्या पहिल्या सामन्याच्या तीन महिने आधी, पस्तिसाव्या वर्षी गेला. आकडे मिसळायला खर्च येत नाही, म्हणून ते मिसळले. भाड्याचा हिशेब कुणी काढलेला नाही.

आणि तो काढता येतो, कारण कागद आहेत. नेवार्क ईगल्सचं दप्तर, करार, पत्रं, हे नेवार्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवलेलं आहे. त्याच्या जोरावर आज अभ्यासक एफाबद्दल ठामपणे लिहू शकतात. फॉस्टरचं तसं दप्तर नाही, त्यामुळं त्याच्याबद्दल आठवणी जास्त आणि हिशेब कमी.

म्हणून जाता जाता एक काम सांगतो, आणि मग प्रश्न घेऊ. तुमच्यापैकी कुणाच्या आजोबा-पणजोबांचा बँडचा ताफा असेल, तमाशाचा फड असेल, छापखाना, चामड्याचा कारखाना, कुस्तीची तालीम, कबड्डीचं मंडळ असेल, तर घरी गेल्यावर माळा बघा. पावती पुस्तकं, भाड्याच्या चिठ्ठ्या, सावकाराचे कागद, मंडळाच्या नोंदणीची प्रत, जे सापडेल ते. वाळवी लागली असली तरी टाकू नका. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागं पेन्सिलीनं लिहिलेलं असतं तेही घ्या, आणि वर्ष माहीत असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून टिपून ठेवा. मला पाठवलं नाही तरी चालेल, पण रद्दीत देऊ नका.

जयभीम. विचारा.